म्हशींच्या मागं कोण होतं?

माझी नात वकिलीचं शिकते. सुट्टीला गावी आली की बाजेवर पालथी पडून पुस्तक वाचते आणि मधेच मान वर करून मला जगाची खबर देते. परवा म्हणाली, "आजी, अमेरिकेत पण जिल्हा कोर्ट असतं. पण त्याचं काम आपल्यापेक्षा वेगळं."

"का? तिथं तारखा मिळत न्हाईत व्हय?"

"मिळतात गं. पण तिथं खटला पहिल्यांदा त्याच कोर्टात उभा राहतो. आणि निकाल द्यायला बारा साधी माणसं बसवतात. कुणी दुकानदार, कुणी मास्तर, कुणी ड्रायव्हर. कायदा न शिकलेली."

मी तव्यावर भाकरी टाकता टाकता थांबले. आमच्या गावातली बारा माणसं डोळ्यांपुढं आणली. चार माझ्या नवऱ्याच्या भावकीतली, चार माझ्या जावेच्या माहेरच्या ओळखीतली, दोन ठार बहिरी, आणि उरलेली दोन चहा कधी येतो म्हणून दाराकडं बघणारी. अमेरिका लई धाडसी देश आहे, एवढं माझ्या लक्षात आलं.

"इंग्लंडात तर खालच्या कोर्टात गावातलीच तीन माणसं न्यायाधीश म्हणून बसतात," ती पुढं म्हणाली. "पगार न घेता."

"असली आपल्या पारावर रोज बसत्यात. फक्त त्यांना अजून कुणी खुर्ची दिली न्हाई."

"आणि जर्मनीत वकील कमी बोलतात. न्यायाधीश स्वतःच सगळे प्रश्न विचारतात."

"मग वकील काय करत्यात?"

"ऐकतात."

हे काही मला खरं वाटलं नाही. मी बरेच वकील बघितले आहेत, ऐकणारा त्यात एकही नव्हता. पोरीला म्हटलं, आता तू ऐक. धाराशिवच्या जिल्हा न्यायालयाच्या बाकावर मी जेवढी बसले आहे, तेवढी तू अजून कॉलेजच्या बाकावर बसलेली नाहीस. आपल्याकडचं जिल्हा कोर्ट काय काम करतं, हे मला फी न भरता शिकायला मिळालं आहे. ती म्हणाली, मग लिहूनच दे. म्हणून हे लिहिते. वाचणाऱ्याला वाटेल की तेव्हाची मी बिचारी होते. बिचारी वगैरे काही नव्हते. आगाऊ होते.

तर, धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीच्या बाजूला आमचं गाव. भावाभावांची वाटणी झाली तेव्हा विहीर सामाईक ठेवली, पाणी पाळीनं घ्यायचं ठरलं. चार दिवस आमचे, चार दिवस धाकट्या दिराचे. सगळं भांडी-कुंडी, बैल, पत्रे, अगदी उखळसुद्धा वाटलं गेलं. फक्त एका गोष्टीवर कुणी बोललं नाही. विहीर गेली दिराच्या रानात आणि आमचा गोठा राहिला आमच्या रानात. मधे दिराची ज्वारी. आमच्या म्हशी त्या ज्वारीच्या कडेकडेनं पाण्यावर जायच्या, सासऱ्यांच्या काळापासून जात होत्या. जी वाट रोज पायाखाली असते तिच्याबद्दल वाटणीला बसलेली पाच म्हातारी माणसं कशाला बोलतील?

मी तेव्हा खवा करायची. आमच्या भागात घरटी खव्याची भट्टी असते म्हटलं तरी चालेल. म्हशी पाच. त्यांच्या दुधावर घर चालायचं आणि लेकीला नर्सिंगला घालायचं माझ्या मनात होतं. ती लेक म्हणजे ह्या वकिलीणबाईंची आई.

भांडण वाटेवरून झालंच नाही. भांडण खव्यावरून झालं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझी धाकटी जाऊ चारचौघींत म्हणाली, "अक्कांचा खवा ब्येस असतो, पण जरा धुरकट लागतो." आमची जाऊ मला अक्का म्हणते आणि अहोजाहो करते. शिव्या देतानासुद्धा करते. मी लगेच म्हणाले, "ज्यांच्या घरात पातेल्याचं बूड झाकंल एवढं दूध न्हाई त्यांना धुराचाच वास कळणार." बायका हसल्या. जाऊ हसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हशी सोडल्या तर वाटेवर बाभळीच्या काट्या. गठ्ठ्यानं आणून टाकलेल्या.

आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, शांत माणूस. म्हणाले, "दोन दिस गप बस. तिचा राग उतरला की तीच काट्या काढंल."

शहाणपणाचं एवढं एकच वाक्य त्या सगळ्या वर्षांत आमच्या घरात बोललं गेलं, आणि ते बोलणाऱ्याला मी म्हणाले, "मी सातवी पास हाय. मी कायद्यानं जाणार."

सातवी पास! आज मला त्या बाईच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटते. गावातल्या बायका अंगठा उठवत होत्या आणि मी सही करत होते, म्हणून मला वाटायचं की कायदा माझ्या ओळखीचा आहे. वकिलानं वकालतनामा पुढं केला तेव्हा मी सहीखाली अशी काही रेघ ओढली की कागद फाटला. सासूबाई तेव्हा होत्या. त्यांनी निजामाच्या वेळची कोर्टं बघितलेली. त्या म्हणाल्या, "आमच्या वक्ताला अदालतीत समदं उर्दूत चालायचं. आपुन जितलो का हरलो, ते गावात येऊन मौलवीला इचारायला लागायचं. तवा तू एकदा इचार कर." मी म्हणाले, "आता तसं न्हाई, आत्याबाई. आता मराठीत असतंय." मराठीतच होतं. त्यानंच घात केला.

तालुक्याच्या कोर्टात दावा लागला. दोन्हीकडं रान बायकांच्या नावावर होतं, म्हणून मी वादी, जाऊ प्रतिवादी. माझ्या वकिलांनी मला साक्षीच्या आधी चांगलं दोनदा बजावलं. "मावशी, आपला दावा काय, तर ह्या वाटेनं तुम्ही वर्षानुवर्षं रोज जाताय. ते विचारतील, जात होता का? तुम्ही फक्त हो म्हणायचं. दुसरं काही बोलायचं नाही."

"एवढंच?" मला वाईट वाटलं. मी बरंच काही पाठ करून आले होते.

पिंजऱ्यात उभी राहिले. जावेचा वकील उठला. बारीक, गोड बोलणारा, पान खाल्ल्यासारखे लाल ओठ. मला वाटलं होतं ओरडेल. तो म्हणाला, "ताई, तुम्ही ह्या घरच्या थोरल्या सूनबाई ना?"

"व्हय."

"गावात तुमचा मान मोठा."

"लोक म्हणत्यात तसं."

"मग एवढ्या मोठ्या मानाच्या बाई तुम्ही, धाकट्या जावेच्या रानातून, तिची परवानगी घेऊन, तिच्या वाटेनं रोज मुकाट जात होता. असंच ना?"

परवानगी! मुकाट! माझ्या डोक्यात भट्टीच पेटली. मी पदर खोचला आणि अख्ख्या कोर्टाला ऐकू जाईल असं म्हणाले, "परवानगी कुणाची? मी कुणाच्या वाटंनं जात नसते!"

वकील म्हणाला, "धन्यवाद," आणि खाली बसला. न्यायाधीशांनी सांगितलं, टायपिस्टनं खडखड वाजवलं. माझ्या वकिलांनी कपाळ हातात धरलं. मला वाटलं, माझं बोलणं ऐकून त्यांना भरून आलं.

पुढच्या तारखेला जावेची साक्ष. तिलाही तिच्या वकिलानं शिकवून आणलं होतं: वादीला त्या वाटेवर कधी पाहिलं का, तर नाही म्हणायचं. ती ठरल्यासारखं "न्हाई" म्हणाली. मग माझ्या वकिलांनी विचारलं, "तिथून कुणी जातच नव्हतं तर मग काट्या कशाला टाकल्या, ताई?"

"कशाला म्हंजे?" जाऊ उसळली. "अक्कांच्या म्हशी सकाळ-संध्याकाळ पाण्यावर जाताना माझ्या ज्वारीची ताटं वडत्यात! मी लगीन होऊन आल्यापासनं बघते!"

आता तिचा वकील कपाळ धरून बसला. पण ते बघायला मी भानावर कुठं होते? माझ्या म्हशींना तिनं भर कोर्टात चोर ठरवलं, ह्या संतापात मी बाहेर जाऊन बसले.

दावा मी हरले. कोर्टानं म्हटलं, वादीच शपथेवर सांगते की ती कुणाच्या वाटेनं जात नाही, मग वाट मागते कशाला? ह्यात त्या न्यायाधीशांचं काय चुकलं? मी त्यांच्या जागी असते तर वर दंडही केला असता.

दाव्याचा निकाल लागेपर्यंत लेक चौथीतून बारावीला गेली होती. ह्याचा दोष मी कोर्टाला देणार नाही, कारण निम्म्या तारखा आम्हीच मागून घेतल्या. माझी भट्टी चालू असली की मी अर्ज द्यायचे, तिचा हरभरा काढणीला आला की ती. हुरड्याच्या दिवसांत तर दोघींचाही अर्ज असायचा आणि कारण दोघींनीही आजारपणच लिहिलेलं असायचं. आमच्या दोघींच्या तब्येती ज्वारी चिकात आली की बिघडायच्या.

ह्या सगळ्या काळात म्हशी दुसऱ्या रस्त्यानं पाण्यावर जात होत्या. ओढ्यातून उतरून, शेजारच्या एका शेतकऱ्याच्या पडीक रानातून लांबचा वळसा घालून, विहिरीच्या पलीकडच्या अंगानं. पावसाळ्यात ओढा आला की तेही बंद. मग आम्ही नवरा-बायको गावातल्या हापशावरून डोक्यावर घागरी वाहायचो. पाच म्हशी किती पाणी पितात हे ज्याला बघायचं असेल त्यानं ते डोक्यावरून आणून बघावं. दूध घटलं. आणि त्यात तो शेजारी येऊन म्हणाला, "वैनी, मी आता पडीक रानात द्राक्ष लावणार. दिवाळीनंतर तारंचं कुंपण घालतो. तोवर तुमचं कोर्टाचं बघा."

मालकांनी ईट गावच्या एका म्हशीच्या व्यापाऱ्याशी बोलणं लावलं. मला म्हणाले, "अपील करायचं तर कर. पण दिवाळीपातुर वाट मिळाली न्हाई, तर म्हशी इकायच्या. मी त्याला सांगून ठेवलंय." लेकीचं नर्सिंग त्या वर्षी सुरू होणार होतं. म्हणजे आता हरले तर म्हशी गेल्या, म्हशी गेल्या तर खवा गेला, खवा गेला तर पोरगी शिकायची राहिली. सगळं त्या एका वाक्यावर येऊन ठेपलं होतं, आणि ते वाक्य मीच बोलले होते.

मी अपील केलं, जिल्ह्याला.

माझी समजूत अशी होती की तालुक्याचं कोर्ट म्हणजे लहान कान आणि जिल्ह्याचं कोर्ट म्हणजे मोठा कान. तिथं आपण पहिल्यापासून सगळं सांगायचं, रडायचं, ते ऐकून घेणार आणि खालच्याला झापणार. वकील सांगत होते, "मावशी, अपिलात तुमची साक्ष नसते. तुमच्या जावेची जुनी साक्षच आपल्या कामाची आहे." मी म्हणाले, "ती माझ्या कामाची कधीपासनं झाली?" आणि पुढचं ऐकलंच नाही. मी भाषण तयार करायला लागले. सकाळी धारा काढताना म्हशींपुढं म्हणून बघायचे. "मायबाप सरकार, मी एक सातवी पास अबला..." म्हशी रवंथ करत ऐकायच्या. थोरली म्हैस 'अबला' शब्दाला कान हलवायची. मला वाटायचं, तिला पटलं. मनात मी न्यायाधीशही तयार केला होता: भरदार मिशा, मोठं पोट, डोळ्यांत पाणी.

धाराशिवला जायला आमच्या गावातून सकाळी एकच एसटी. पाटीवर उस्मानाबाद लिहिलेलं असायचं आणि कंडक्टरपासून सगळे धाराशिव म्हणायचे. एकच गाडी म्हटल्यावर वादी, प्रतिवादी, दोघी त्याच गाडीत. पहिल्या तारखेला मी पुढं बसले, ती मागं. घाटवळणांना तिला गाडी लागायला लागली. मी तोंड फिरवून बसले होते, पण तिचा आवाज येत होता. शेवटी उठले, पिशवीतलं लिंबू तिच्या नाकाला लावलं आणि म्हणाले, "मर हितंच, म्हंजे माझा दावा तरी सुटंल."

ती लिंबू हुंगत म्हणाली, "मी मेले तर वारस लागत्यात, अक्का. वकिलांनी सांगितलंय."

त्यानंतर ती प्रत्येक तारखेला माझ्याच शेजारी बसायला लागली, कारण लिंबू माझ्या पिशवीत असायचं. बोलायचो मात्र नाही. कोर्टाच्या आवारात कडुलिंबाच्या झाडाखाली डबे सोडायचो, तेव्हा ती तिचे धपाटे माझ्या बाजूला सरकवायची आणि मी माझी लसणाची चटणी तिच्या बाजूला. न बोलता. गावात असताना एकमेकींच्या सावलीला न उभ्या राहणाऱ्या आम्ही, जिल्ह्याला आलो की एका फडक्यावर जेवायचो. परक्या गावात आपलं माणूस म्हणून ओळखीचं एवढं एकच होतं.

एकदा जेवून हात धुवायला गेले तर काय बघते, माझे वकील आणि तिचे वकील टपरीवर एकाच बाकावर बसून चहा पिताहेत आणि खदखदून हसताहेत. मी तरातरा गेले. "साहेब, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?"

माझे वकील म्हणाले, "तुमच्याच की, मावशी."

"मग ह्यांच्याबरोबर चहा?"

तिचा वकील त्याच गोड आवाजात म्हणाला, "ताई, तुमच्या तोंडाला धपाट्याचं पीठ लागलंय."

मी तोंड पुसत परत आले.

शेवटी सुनावणीचा दिवस उजाडला. नवी इरकल नेसले. पट्टेवाल्यानं पुकारा केला, आम्ही आत गेलो. समोर उंच खुर्चीवर मिशा नव्हत्या. एक बाई होती. बारीक अंगाची, चष्म्याची, माझ्या धाकट्या बहिणीएवढी. मला धक्काच बसला. माझं सगळं भाषण पुरुषाला रडवायचं होतं. बाईला रडून दाखवून काय उपयोग? तिनं घरी तेच बघितलेलं असतं.

माझे वकील उठले, कागद चाळत काहीबाही बोलले. तिचे वकील उठले, तेही बोलले. निम्मं इंग्रजी, निम्मं पान नंबर. मी वाट बघतेय, आता मला बोलावतील. कुणी बोलावेना. शेवटी मीच उठले आणि हात जोडले. "मायबाप सरकार, मी एक सातवी पास..."

वकिलांनी पदर ओढला. न्यायाधीश बाईंनी चष्म्यावरून बघितलं. आवाज न चढवता म्हणाल्या, "बाई, बसा. इथं पुन्हा साक्ष होत नाही. खालच्या कोर्टात तुम्ही जे सांगितलं, तेच मी इथं पुन्हा वाचते. आणि तुम्ही काय सांगितलंय बघा." त्यांनी पान उलटलं आणि वाचलं, "मी कुणाच्या वाटेनं जात नसते."

कोर्टात बसलेले सगळे हसले. दुसऱ्या खटल्याला आलेले, ज्यांना माझ्या म्हशींचं काही देणंघेणं नव्हतं, तेही हसले. स्वतःचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून, तेही सावकाश आणि न ओरडता वाचलेलं ऐकणं ही भयंकर गोष्ट आहे. मला पहिल्यांदा कळलं की मी काय बोलले होते. नवी इरकल अंगाला टोचायला लागली.

तिचे वकील उठले. "मॅडम, ह्यावर आम्हाला काही बोलायचंच नाही."

"मला बोलायचंय," न्यायाधीश बाई म्हणाल्या. त्यांनी आणखी दोन पानं उलटली. "तुमच्याच पक्षकार म्हणतात, वादीच्या म्हशी सकाळ-संध्याकाळ पाण्यावर जाताना आमच्या ज्वारीची ताटं ओढतात. लग्न होऊन आल्यापासून बघते. मग त्या म्हशी पाण्यावर कुठून जात होत्या?"

वकील म्हणाले, "मॅडम, म्हशी गेल्या असतील. वादी गेल्या नाहीत. त्या स्वतःच तसं म्हणतात."

"म्हशी एकट्या जात होत्या?"

"तसं... रेकॉर्डवर नाही, मॅडम."

"म्हशींच्या मागं कोण होतं?"

आणि माझ्या शेजारून, त्या बाकावरून, माझी जाऊ ताडकन बोलली, "ह्याच की! काठी घेऊन! आणि म्हशी ज्वारीत शिरल्या की मुद्दाम आभाळाकडं बघायच्या!"

तिच्या वकिलानं डोळे मिटले. न्यायाधीश बाईंनी तोंडापुढं कागद धरला, पण त्यांचे खांदे हलत होते. मग कागद खाली ठेवून म्हणाल्या, "बाई, मी आत्ताच सांगितलं, अपिलात साक्ष नसते. हे मी ऐकलेलं नाही. पण जे लिहिलेलं आहे ते मी वाचलेलं आहे."

नातीला मी हे सांगितलं तेव्हा ती बाजेवर उठून बसली. म्हणाली, "बरोबर आहे आजी! आपल्याकडं जिल्हा कोर्ट दोन कामं करतं. खुनाबिनाचे मोठे खटले पहिल्यांदा तिथंच चालतात, आणि खालच्या कोर्टात हरलेला माणूस अपिलाला पण तिथंच येतो. त्या अपिलात सगळा पुरावा पहिल्यापासून तपासायचा असतो, पण माणसं पुन्हा बोलवायची नसतात, सहसा." मला ते पुस्तकातलं फार कळलं नाही. मला एवढंच कळलं होतं की खालच्या कोर्टानं माझं तोंड ऐकलं आणि वरच्या कोर्टानं दोघींची तोंडं शेजारी शेजारी ठेवून बघितली. अमेरिकेतल्या त्या बारा माणसांपुढं आमचा दावा गेला असता तर त्यांनी मला बघूनच हरवलं असतं. मला बघितलं की कुणालाही ते सुचायचं. कागदावर माझा पदर खोचलेला दिसत नव्हता, ते बरं झालं.

निकाल दिवाळीच्या तोंडावर लागला. सामाईक विहिरीला जायची पिढ्यानपिढ्यांची वहिवाट आहे, ती प्रतिवादीनं अडवू नये, असं लिहिलेलं होतं. मला वाचायला दिलं तेव्हा मी तीनदा वाचलं आणि घडी घालून पोलक्यात ठेवलं.

परतीच्या गाडीत जाऊ शेजारी बसली. मी लिंबू दिलं. बरंच अंतर गेल्यावर ती म्हणाली, "काट्या मी काढते. गडी लावू नका."

"मी कशाला लावू? तू टाकल्यास, तू काढ."

"कोर्टात तेवढं मी बोलले नसते तर?"

"अपिलात साक्ष नसते," मी म्हणाले. हसू दाबताना दोघींचीही तोंडं खिडकीकडं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काट्या निघालेल्या होत्या. वाट झाडून काढल्यासारखी स्वच्छ. मी अंघोळ करून, कपाळाला कुंकू लावून, जिंकलेल्या माणसासारख्या ऐटीत म्हशी सोडल्या. पाचही म्हशी गोठ्यातून बाहेर आल्या आणि सरळ ओढ्याकडं वळल्या.

मी पुढं जाऊन अडवल्या. "इकडनं, इकडनं गं." थोरलीनं माझ्याकडं असं बघितलं की ही बाई सकाळी सकाळी काय सांगतेय. दावा चालू असताना तीन म्हशी म्हाताऱ्या होऊन गेल्या होत्या, त्यांच्या जागी नव्या आल्या होत्या. ज्या वाटेसाठी मी एवढी वर्षं भांडले, ती ह्यांच्यातल्या तिघींनी जन्मात बघितली नव्हती. उरलेल्या दोघी विसरल्या होत्या. मी काठी उगारली, ओरडले, शेपट्या पिळल्या. त्या ओढ्याकडं तोंड करून उभ्या.

जाऊ बांधावर कमरेवर हात ठेवून बघत होती. म्हणाली, "अक्का, त्यांना हुकूम वाचून दावा की. तुम्ही सातवी पास हाय."

"तू गप बस. तूच काट्या टाकून त्यांची सवय मोडलीस."

"आणि तुम्ही आठ वर्सं हळदीकुंकवाला आला न्हाईत. त्याचं कोण भरून देणार?"

ती बांधावरून उतरली. आपल्या गंजीतून कडब्याची पेंढी उपसून आणली आणि थोरल्या म्हशीच्या तोंडापुढं धरून उलटी चालायला लागली. म्हैस एक पाऊल आली, थांबली, परत ओढ्याकडं बघितलं. मी मागून ढकलतेय, ही पुढून कडबा दाखवतेय, बाकीच्या चार म्हशी वाट अडवून उभ्या, आणि आमचा हा तमाशा चालू असताना बांधाच्या पलीकडून मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला. ईटचा व्यापारी. मालकांनी दिवाळीचं सांगून ठेवलं होतं, आणि निकालाचं त्याला कुणी कळवलं नव्हतं.

तो बांधावर चढला. म्हशींकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं. "वैनी, ह्याच का त्या? इकायच्या म्हणत होते मालक."

मी म्हशीच्या बुडाशी दोन्ही हात लावून उभी होते, दम लागला होता. तेवढ्यात पुढून जाऊ म्हणाली, "इकायच्या न्हाईत."

व्यापारी म्हणाला, "म्हशी तुमच्या का ह्यांच्या?"

"म्हशी ह्यांच्या. पर जात्यात माझ्या रानातनं. इकायच्या न्हाईत म्हणलं ना?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. तो काही तरी पुटपुटत मोटारसायकलीकडं गेला. जावेनं पेंढी दुसऱ्या हातात घेतली आणि म्हशीच्या कानाशेजारून माझ्याकडं बघत म्हणाली, "आता बघत काय बसलाय, अक्का? ढकला."

मी ढकललं.